एक्केचाळीस श्वास

जुन्या क्लॅरिनेट-रचनेच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं सोमवारच्या टपालाने आली. डाग्नी ब्रोने पाकीट फोडलं, चष्मा पुसला आणि पहिला भाग तसाच बाजूला सारून दुसऱ्या भागाची पानं काढली. ते सगळे तिथेच होते. स्वरांच्या ओळींच्या डोक्यावर बसलेले, स्वल्पविरामासारखे दिसणारे, श्वास कुठे घ्यायचा ते सांगणारे. जुन्या छपाईत ते शाईने थोडे फिसकटलेले असत. आता संगणकाने काढल्यामुळे नखाने टोचल्यासारखे स्वच्छ उठले होते. तिने मोजले नाहीत. चार मिनिटांच्या त्या भागात एक्केचाळीस होते हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि पानाच्या तळाशी तिचंच वाक्य: ‘श्वासाच्या खुणा काटेकोर पाळाव्यात.’

तिने लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून एकेक खूण खोडत गेली. शेवटी तळाच्या वाक्यावरही रेघ मारली आणि पाकीट त्याच दुपारी कोपनहेगनला परत धाडलं.

बुधवारी सकाळी प्रकाशकांच्या कचेरीतून आस्गरचा फोन आला. रचना छापायला घेण्याआधी ती तपासणं हे त्याचं काम.

“डाग्नी, पानं मिळाली. तुझी तब्येत बरी आहे ना?”

“पेन्सिल धरता येते म्हणजे बरीच आहे.”

“मग हे काय करून ठेवलंयस? दुसऱ्या भागाला गोवर उठल्यासारखं दिसतंय.”

“त्या खुणा काढायच्या आहेत. खालचं वाक्यसुद्धा.”

आस्गर लहान मुलाची समजूत घालावी तसा म्हणाला, “अगं, त्या खुणा म्हणजेच तर तो भाग. लोक त्यांच्यावर प्रबंध लिहितात. स्पर्धेत परीक्षक पेन्सिल घेऊन बसतात, एक श्वास चुकला की एक गुण गेला.”

“मला सांगतोस? मीच बसायची पेन्सिल घेऊन.”

“मग आता काय झालं?”

“आता पुरे झालं.”

“हे बघ, रचना तुझी आहे. तू म्हणशील तसं छापीन. पण शुक्रवारी दुपारी पानं छापखान्यात जाणार. त्याआधी एकदा कुणाकडून तरी खुणांशिवाय वाजवून घे. कानांनी ऐक, मग सांग. एवढं माझ्यासाठी कर.”

आस्गर तिच्यापेक्षा चाळीस वर्षांनी धाकटा, तरी एकेरीतच बोलायचा. हल्ली सगळेच सगळ्यांशी तसं बोलतात. डाग्नीच्या तरुणपणी वाद्यवृंदात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही ‘तुम्ही’ म्हणत. होल्गरला ती पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणाली तेव्हा तो मागे वळून बघायला लागला होता, आपल्या पाठीशी आणखी कोण येऊन उभं राहिलंय म्हणून.

होल्गर टुक्सन ऑर्हुसच्या दोन नंबरच्या ट्रॅमवर तिकिटं फाडायचा आणि शनिवारी बंदराजवळच्या एका रेस्टॉरंटात पाच जणांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. युद्धाच्या वर्षांत, खिडक्यांना काळे पडदे लावून, ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकत तो जॅझ शिकला होता. स्वरलिपी त्याला अगदीच येत नव्हती असं नाही, पण तिकिटाच्या पाठीमागचे नियम वाचावेत तशी तो ती वाचायचा, म्हणजे भांडण झालं तरच.

डाग्नी शहराच्या वाद्यवृंदात दुसरी क्लॅरिनेट वाजवत असे. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात एक मैत्रीण तिला त्या रेस्टॉरंटात घेऊन गेली. भाजलेल्या माशांचा वास, ओल्या लोकरी कोटांचा ढीग, आणि कोपऱ्यात तो उंच, हडकुळा माणूस. त्याने एक स्वर खालून ओठांनी ओढत ओढत वर नेला, मींड घ्यावी तसा, आणि तिथून जी ओळ सुरू केली ती संपेचना. लयीच्या किंचित मागे रेंगाळत, उतरत, पुन्हा चढत ती चाललीच होती. नाचणारी जोडपी पाय थांबवून बघायला लागली. पियानोवाला ओरडला, “अरे मेल्या, श्वास घे, जाशील!” होल्गरने वाजवता वाजवताच त्याला डोळा मारला आणि आणखी दोन फेऱ्या त्याच दमात घेतल्या. डाग्नीच्या हातातली कॉफी गार झाली. दहा वर्षं ती तेच वाद्य वाजवत होती, आणि ते असंही बोलू शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे दोघं एकत्र राहू लागली. दोन खोल्या, एक स्टोव्ह, दोन क्लॅरिनेट. वाद्यवृंदातल्या लोकांना जॅझ म्हणजे ताटवाट्यांच्या खणखणाटात वाजवायची चीज वाटे. बँडवाल्यांना वाद्यवृंदातले लोक म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावलेली प्रेतं वाटत. डाग्नीच्या मनात आलं की एकट्या क्लॅरिनेटसाठी अशी रचना करावी, की ही दोन्हीकडची माणसं एका घरात नांदतील, आमच्या घरात नांदतात तशी. पहिला भाग तिच्या शिस्तीचा, दुसरा होल्गरचा, तिसऱ्यात दोघांची गाठ.

बासष्टच्या फेब्रुवारीत तिने रेडिओवाल्यांकडून ध्वनिमुद्रणाचं यंत्र उसनं आणलं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर होल्गर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि त्याने अकरा मिनिटं वाजवलं. नंतरचे पाच आठवडे ती फीत अर्ध्या गतीने फिरवून डाग्नी त्यातल्या चार मिनिटांचा एकेक स्वर कागदावर उतरवत होती. अर्ध्या गतीने त्याचे श्वास खुर्ची ओढल्यासारखे ऐकू येत. तो भलत्याच ठिकाणी तोडत होता, तिने जिथे जोडलं असतं नेमकं तिथे. तिला वाटलं, हेच ते. जॅझचं मर्म ते हेच. हे लिहून ठेवलं नाही तर आमची शिकलेली मंडळी दोन मिनिटांत त्यावर इस्त्री फिरवतील. म्हणून तिने प्रत्येक श्वास जिथल्या तिथे टिपला आणि शिवाय तळाशी ते वाक्य लिहिलं.

“इथे का थांबतोस तू?” तिने एकदा त्याला विचारलं होतं.

“तिथे पुढचा स्टॉप येतो,” होल्गर म्हणाला. मग कागद हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून, त्या खुणांकडे बघत बसला. “कोण गं हा माणूस? फार दमलेला दिसतो. बसायला जागा द्या त्याला कुणीतरी.”

दोघं हसली. हसता हसता त्याला खोकला आला.

मे महिन्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. एक फुप्फुस जवळजवळ गेलंच होतं. “सबंध हिवाळा हा माणूस अर्ध्या दमावर चाललाय,” डॉक्टर म्हणाले. “घरात तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” डाग्नीच्या लक्षात आलं होतं. इतकं बारकाईने आलं होतं, की तिने ते शाईने लिहून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये होल्गर गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. ऑक्टोबरात डाग्नीने ती रचना पहिल्यांदा लोकांपुढे वाजवली, कारण कार्यक्रम आधीच ठरला होता आणि घरी बसून तरी काय करायचं होतं. वर्तमानपत्राने लिहिलं, दुसऱ्या भागातले ते मोडके श्वास म्हणजे दोन संगीतांमधला नवा पूल आहे. मग प्रकाशक आले. ‘ह्या खुणा खऱ्या नाहीत, हा आजार आहे,’ असं सांगायला तिला सबंध हिवाळा मिळाला होता. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. त्या लिखाणात त्याचं काहीतरी जिवंत राहिलंय असं सगळे म्हणत होते, आणि तिला ते ऐकायला हवं होतं. मूळ फीत रेडिओवाल्यांनी परत नेली आणि तिच्यावर मासेबाजाराचे भाव मुद्रित केले. त्या काळी फीत महाग, कुणीच काही ठेवत नसे.

त्यानंतर चाळीस वर्षं तिने संगीत महाविद्यालयात शिकवलं. ‘इथे श्वास राहिला, पुन्हा.’ ‘इथे अर्धा घेतलास, पुरता घे.’ किती मुलं तिच्या हाताखालून गेली. आणि मागच्या हिवाळ्यात, भांडी घासताना, रेस्टॉरंटातली ती लांब ओळ गुणगुणावी म्हणून तिने तोंड उघडलं तर चौथ्या स्वरावर ती थांबली. तिथे स्वल्पविराम होता. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. जोडपी थांबलेली तिला दिसत होती, पियानोवाल्याची शिवी ऐकू येत होती, होल्गरने मारलेला डोळासुद्धा दिसत होता, पण ओळ तेवढी तुटून तुटून येत होती. धडधाकट होल्गर कसा वाजवायचा हे जगात आता फक्त तिला ठाऊक होतं. बँडमधले बाकीचे चौघे कधीच गेले होते. आणि तिला ते आठवत नव्हतं. कागद एकदा साफ झाला तर कानही साफ होईल, एवढ्या एका आशेवर तिने लाल पेन्सिल उचलली होती.

गुरुवारी दुपारी मारेन आली. डाग्नीच्या एका विद्यार्थ्याची विद्यार्थिनी, पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली, बावीस वर्षांची, खांदे पोहणाऱ्या मुलीसारखे रुंद. येत्या सोमवारी तिची शेवटची परीक्षा होती आणि ह्या वर्षी सक्तीची रचना होती ती डाग्नीचीच.

“दालचिनीचे पाव आणलेत,” मारेन दारातच म्हणाली. “लाच आहे. परीक्षकांना सांगू नकोस.”

“मी आता परीक्षक नाही.”

“मग परत नेते.”

डाग्नीला हसू आलं. कॉफी झाली, पाव झाले. मारेनने वेताची पातळ रीड जिभेवर धरून ओली केली, क्लॅरिनेटला बसवली आणि दुसरा भाग वाजवून दाखवला. निर्दोष वाजवला. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस, प्रत्येक श्वास रेघेवर ठेवल्यासारखा. डाग्नी खिडकीकडे तोंड करून बसली होती. खाली सायकली जात होत्या.

“कसा झाला?”

“उत्तम. आता श्वासांशिवाय वाजव.”

“म्हणजे?”

“म्हणजे लांब. तुझा दम पुरेल तितका लांब. खुणा नाहीतच असं समज.”

मारेनने भुवया उंचावल्या. तिने सुरुवात केली आणि चौथ्या स्वरावर थांबली. “सॉरी.” पुन्हा केली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिला हसूच फुटलं. “अगं, पोट आपोआप थांबतंय! चार महिने आमच्या सरांनी ठोकून ठोकून बसवलंय. आता हे काढायचं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडेच जावं लागेल.”

“प्रयत्न कर.”

डाग्नीचा आवाज वेगळा निघाला असावा, कारण मारेन हसायची थांबली. उठून उभी राहिली. पाय रोवले. “एक मिनिट. दुसरी युक्ती करते.” हवा गालांत साठवायची, ती वाद्यात सोडत असतानाच नाकाने नवी आत घ्यायची. ह्या मुलांना हल्ली ते पहिल्याच वर्षी शिकवतात. आणि ह्या वेळी ओळ तुटली नाही. पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत चार मिनिटं ती अखंड वाहत राहिली, एकही सांधा न दाखवता. चूक कुठेच नव्हती. नळ उघडा राहावा तशी ती वाहिली आणि संपली.

डाग्नीला आता जे कळलं होतं, ते तिला चव्वेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं आणि एवढ्या उशिरा ते कळायला नको होतं. त्या दिवशी होल्गरजवळ दम असता तर त्याने हे स्वर घेतलेच नसते. तो खालच्या, कमी हवा लागणाऱ्या स्वरांत घुटमळत होता, कारण वर जायला त्याच्यापाशी काही नव्हतं. एकेका श्वासात जेवढं मावेल तेवढंच तो बोलत होता. श्वास खोडले तरी उरलेलं सगळं आजाराचंच होतं. ह्या कागदावर तो धडधाकट माणूस कुठेच नव्हता, कधीच नव्हता. तिने दोन संगीतांची गाठ बांधायला घेतली होती आणि एका मरणाऱ्या माणसाचं पथ्य लिहून ठेवलं होतं.

“आवडलं नाही ना?” मारेन हळूच म्हणाली. “मलाही नाही आवडलं. कुणीच नसल्यासारखं वाटतं त्यात.” मग म्हणाली, “तुला नक्की काय ऐकायचंय? ज्याच्या वाजवण्यावरून हे लिहिलंस, तो कसा वाजवायचा ते गाऊन दाखव ना. मी ऐकून ऐकून बसवीन. कानाने चटकन पकडते मी.”

हीच ती वेळ होती. समोर तरुण फुप्फुसं होती, तयार बोटं होती, ऐकायला बसलेला कान होता. डाग्नी ताठ बसली. तिने डोळे मिटले, ओले कोट आठवले, भाजलेला मासा आठवला, तो खालून ओढत नेलेला स्वर आठवला. तोंड उघडलं. एक स्वर, दुसरा, तिसरा, चौथा. थांबली.

“पुढे?” मारेन म्हणाली.

तिने पुन्हा सुरुवात केली. आवाज म्हातारा, चिरका, पण सुरात होता. चौथ्यावर थांबली. तिसऱ्या वेळी तिने खुर्चीचे हात धरून जोर लावला, ती जागा ओलांडायचीच म्हणून, आणि ओलांडलीही. पण पलीकडे जे आलं ते छापील पानाची दुसरी ओळ होती. अगदी बरोबर, तिच्या स्वल्पविरामांसकट.

“हे तर तेच आहे,” मारेन म्हणाली.

“हो,” डाग्नी म्हणाली. “तेच आहे.”

आणि मग, आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने ह्या मुलीला सांगितलं. फेब्रुवारीतला रविवार, स्टूल, खोकला, उजेडासमोर धरलेला फोटो. सांगून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मारेनचे मात्र डोळे भरून आले. तिने क्लॅरिनेट पलंगावर टाकून डाग्नीला मिठी मारली. “बाई गं,” ती सारखी म्हणत होती, “बाई गं, केवढं हे.”

शुक्रवारी सकाळी डाग्नीने आस्गरला फोन केला.

“होतं तसंच छाप.”

“ऐकलंस ना वाजवून?”

“ऐकलं.”

“मी म्हटलं नव्हतं? त्या खुणांशिवाय त्यात काही नाही.”

“नाही,” डाग्नी म्हणाली. “काही नाही.”

“तळाचं वाक्यही ठेवू?”

“ठेव.”

सोमवारी ती परीक्षेला गेली. जायचं नव्हतं, पण मारेनला शब्द दिला होता. महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाबाहेर मारेन हातमोजे घालून बोटांना ऊब देत उभी होती. डाग्नीला बघताच धावत आली.

“आलीस! ऐक ना, मी सरांना सांगितलं. तो आजारी होता ते. रागावली नाहीस ना? सर तर थक्कच झाले. म्हणाले, मग हे श्वास नुसते घ्यायचे नाहीत, ते ऐकू आले पाहिजेत. लोकांना कळलं पाहिजे हा माणूस जातोय. आता मी प्रत्येक श्वास असा ओढून घेते. बघ.” तिने तोंड उघडून घशातून एक लांब, खरखरीत श्वास आत ओढला. बावीस वर्षांच्या मुलीने, पोहणाऱ्या खांद्यांच्या मुलीने. “सगळ्या वर्गाने तसंच बसवलंय. तुला आवडेल. पुढच्या वर्षी सर त्यावर लेख लिहिणार आहेत, तुझ्याशी बोलायचंय त्यांना.”

“छान,” डाग्नी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोर खुशीत होती, आणि परीक्षा तोंडावर होती. “हात गार पडू देऊ नकोस.”

दार उघडलं, मारेनचं नाव पुकारलं गेलं, ती आत गेली. डाग्नी दाराशीच थांबली. पहिला भाग तिने उभ्याउभ्याच ऐकला. स्वतःची जुनी शिस्त, एका मुलीच्या बोटांत, स्वच्छ आणि जरा कोरडी. मग आत शांतता पसरली, आणि त्या शांततेत मारेनने पहिला श्वास ओढला.

डाग्नी वळली आणि मागच्या जिन्याकडे जाणाऱ्या लांब बोळात शिरली. दोन्ही बाजूंना सरावाच्या खोल्या होत्या, आणि आपली पाळी यायची वाट बघणारी मुलं दारं लावून दुसरा भाग घोटत होती. कुणी पहिल्या ओळीवर होतं, कुणी मधल्या, कुणी शेवटच्या. डाव्या दाराआड कुणीतरी चार स्वर वाजवून धाप टाकली. उजवीकडच्या दाराआड कुणीतरी आत्ताच ओळ संपवून तशीच धाप टाकत होतं. पुढच्या खोलीतून, त्याच्या पुढच्या खोलीतून. फेब्रुवारीतली ती दुपार प्रत्येक दारामागे नव्याने चालली होती, आणि तिच्यात तो कुठेच नव्हता, फक्त त्याची धाप तेवढी होती, नीट बसवलेली, तालात.

समोरून एक मुलगा स्वरलिपीची पानं छातीशी धरून आला. बाई भिंतीला हात लावून उभ्या आहेत हे बघून थांबला.

“काही हवंय का? पाणी आणू?”

“बाहेर कुठून जायचं?” डाग्नीने विचारलं. चाळीस वर्षं ती ह्याच बोळातून ये-जा करत होती.

“सरळ,” मुलगा म्हणाला. “ह्या सगळ्या खोल्या संपल्या की जिना लागेल.”

तिने मान हलवली आणि पुढच्या दाराकडे पाऊल टाकलं.